दोन गुंठे बिनचुन्याचे

दिनांक २४ एप्रिल १९८८, रविवार. वेळ सकाळी साडेसात. स्थळ, कोपरच्या खाडीकाठचं खाजण, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली भातजमीन. हजर: एक, मी, कांबळेबाई, ठाण्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतली सहायक. दोन, चांगुणाबाई, शेताच्या अर्ध्या मालकीण. तीन, त्यांचे धाकटे दीर काशिनाथ, शेताचे उरलेले अर्धे मालक आणि पूर्ण वैरी. चार, बगळे सात, नावं नोंदवलेली नाहीत. गैरहजर: भात. एप्रिलात भात कुठल्याच शेतात नसतं हे मलाही ठाऊक आहे, पण या शेतात ते आदल्या पावसाळ्यातही हजर नव्हतं, म्हणून नोंद केली.

मी यादी केल्याशिवाय बाजारात जात नाही आणि टिपण केल्याशिवाय बाजारातून परत येत नाही. घरचे हसतात. हसोत. वरची हजेरी दहा वर्षांपूर्वीच्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. वही नसती तर पुढचं सगळं मी रचून सांगते आहे असं तुम्हाला वाटलं असतं.

चांगुणाबाई डोंबिवली स्टेशनाबाहेर पालेभाजी घेऊन बसत. मी रोजची गिऱ्हाईक. एक दिवस त्यांनी मेथीच्या जुडीबरोबर वर्तमानपत्राची एक पुडी माझ्या पिशवीत टाकली. "बाय, तुमी मातीच्या हापिसात हाव ना? ही आमची माती. बगा तिला काय झालंय."

मी विचारलं, "काय होतंय?"

"आंबट झालीय."

माती आंबट असल्याचं बाईंना कसं कळलं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दही आंबट कसं कळतं असंच जणू मी विचारलं होतं. जिभेवर ठेवून, दुसरं काय! आमच्या प्रयोगशाळेत तो नमुना नोंदवहीत चढला, वाळला, चाळला गेला, रांगेत थांबला आणि तीन आठवड्यांनी अहवाल आला: आम्लता तीव्र. मी तो चांगुणाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मंग मी काय बोललेली?"

आता थोडं शास्त्र, तीन मिनिटांत. खाजणाचं नेहमीचं दुखणं म्हणजे मीठ. ते पावसाच्या पाण्याने धुऊन जातं. हे दुखणं वेगळं होतं. खाडीच्या तळाशी जो काळा, नासक्या अंड्यासारखा वास मारणारा गाळ असतो, त्यात गंधक असतं. पाण्याखाली आहे तोवर तो गरीब असतो. वर काढून उन्हात पसरला की हवा लागते आणि त्याच गंधकाचं आम्ल होतं. भाताची मुळं तपकिरी पडतात, पानांची टोकं करपतात, बांधीतल्या पाण्यावर तांबूस साय धरते. हा गाळ मुद्दाम कोण वर काढेल? काशिनाथ काढेल. दोन वर्षांपूर्वी त्याने खाडीतून होडी भरभरून तो गाळ आणला आणि सगळ्या शेतात पसरला. काळी माती म्हणजे कसदार माती, असा त्याचा हिशेब.

ही गोष्ट त्या रविवारी बांधावर मी तोंडावर सांगितली. काशिनाथ अंगाने आडवा आणि आवाजाने त्याहून आडवा. तो म्हणाला, "म्हंजे मी श्यात मारलं? अवो बाय, श्यात म्हातारं झालंय. मेलंय ते. आता त्याच्यावर मुरूम टाकायचा नि ट्रकवाल्याला गाड्या उभ्या करायला द्यायचं. बोलनी झाल्यात."

चांगुणाबाई खाली बसून मातीचं ढेकूळ कुस्करत होत्या. त्या वर न बघताच म्हणाल्या, "भावजी, एक पावसाला द्या. दसऱ्यापतूर. भात नाय आला तर टाका तुमचा मुरूम."

"दसऱ्यापतूर," काशिनाथ म्हणाला. "बगले साक्षीदार."

मी वहीत लिहिलं: मुदत दसरा. साक्षीदार सात.

उपाय सोपा होता: चुना. आम्ल मारायला चुना, आणि पहिल्या दोनतीन पावसांचं पाणी शेतात न अडवता बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, खाडीत सोडून द्यायचं. (चुना या शब्दावर करण्यासारखे सगळे विनोद आमच्या ऑफिसात त्या उन्हाळ्यात होऊन गेले आहेत. वाचकांनी कष्ट घेऊ नयेत.) मी प्रात्यक्षिकासाठी चुन्याचं मागणीपत्र अहवाल आला त्याच दिवशी पाठवलं होतं. वरून प्रश्न आला, कशासाठी? मी उत्तर पाठवलं. प्रश्न आला, किती? मी उत्तर पाठवलं. मग कळलं की चुना मंजूर होण्यासारखा आहे, आणि दिवाळीनंतर नक्की मिळेल. चुना लावणीच्या आधी महिनाभर तरी मातीत पडायला हवा. दिवाळीनंतर तो फक्त घराच्या भिंतींना उपयोगी.

तोड निघाली ती मासळीच्या पाटीतून. आमच्या सोसायटीत मासे घेऊन येणाऱ्या यशोदाताई कोपरच्या कोळीवाड्यातल्या. त्यांच्यापुढे मी रडगाणं गायलं, तर त्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, मोजता मोजता म्हणाल्या, "चुना? आमचा आजा शिंपल्यांची भट्टी लावून करायचा की. भाताचं तूस, लाकडं, वर शिंपले. एक दिवस जालायचं. मंग पानी मारलं की पीठ. शिंपले गोला करा, भट्टी मी लावते."

मी हिशेब केला. शेत पाच गुंठ्यांचं, त्याला दीडशे किलो शिंपले लागणार होते. एका घराने आठवड्यातून दोनदा तिसऱ्या खाल्ल्या तर किती, अशी वीस घरं खाल्ली तर किती, आणि यशोदाताईंच्या आळीतून किती. हाताशी पाच आठवडे होते. जमत होतं. मी यशोदाताईंना विचारलं, आमच्या भागात तिसऱ्या कोण कोण घेतं? त्यांच्याकडे वही नाही, पण डोक्यात अख्खी डोंबिवली पश्चिम. त्यांनी घरं सांगितली, मी यादी केली. तीन सोसायट्या, तेवीस बिऱ्हाडं. दारोदार जाऊन मी सूचना दिल्या: शिंपले धुवा, उन्हात वाळवा, शनिवारी आणून द्या, मी तोलून घेईन. वर्तकनगरच्या माझ्या बहिणीने दर शनिवारी लोकलने एक पिशवी पाठवली. पिशवी घेऊन येणारा भाचा पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

शिंपले माझ्या गॅलरीत साठू लागले. धुतलेले शिंपलेही वासाच्या बाबतीत पूर्ण निर्दोष नसतात. कावळ्यांना ही बातमी मिळाली. ते शिंपला उचलत, उंच नेत आणि फुटतो का बघायला खाली टाकत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पापडांवर शिंपले पडले, एका शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पडले, आणि एक शिंपला मुलगी बघायला आलेल्या मंडळींपैकी वरपित्याच्या डोक्यावर पडला. लग्न जमलं. त्याचं श्रेय मी घेत नाही.

आता माझी चूक. चांगलं काम करणाऱ्यांचं नाव फळ्यावर लागलं पाहिजे असं माझं मत आहे. तिसऱ्या शनिवारी मी एक सुबक यादी केली, रेघा आखून, आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर लावली: 'भातशेतीसाठी तिसऱ्यांचे शिंपले देणारी बिऱ्हाडे, वजनाच्या क्रमाने.' पहिला क्रमांक, ब्लॉक सात, दामले.

दामले मास्तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त शिक्षक, शुद्ध शाकाहारी. घरात कांदाही चतुर्मासात नाही. फलकावर लागणारी प्रत्येक सूचना ते तांबड्या पेनाने तपासत. ती यादीही तपासायला उभे राहिले. मी जिन्यातून पाहत होते. त्यांनी मथळ्यातला एक अनुस्वार दुरुस्त केला, चष्मा वर केला, आणि पहिल्या ओळीवर पेन थांबलं.

खरं तर मला कळायला हवं होतं. शिंपल्यांची पुडी दामलेकाकू आणून देत, तीही मंगळवारी आणि शुक्रवारी, मास्तर वाचनालयात गेल्यावर. "माहेरची माणसं आली होती हो, त्यांनी खाल्लं," असं त्या म्हणत. काकूंचं माहेर समुद्राकाठचं. पण आठवड्यातून दोनदा माहेरची माणसं कोणाकडे येतात, हा प्रश्न मला पडला नाही. मी वजन केलं, लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. यादी करणाऱ्यांचा हा दोष असतो. रकाना भरला की डोकं बंद.

पाचव्या मिनिटाला मास्तर माझ्या दारात. मागे काकू, पदर तोंडाशी. 

"कांबळेबाई, ही काय भानगड आहे? ब्लॉक सात? आमचा?"

मी यादीत आयुष्यात कधी खोटं लिहिलेलं नाही. बोलले ते पहिल्यांदाच. जिन्याच्या पायरीवर एक भटकी मांजर बसलेली होती, तिच्याकडे बोट केलं. "मास्तर, ती मांजर. काकू तिला तिसऱ्या घालतात."

मास्तरांनी मांजरीकडे पाहिलं. मांजरीने मास्तरांकडे पाहिलं.

"सोलून?" मास्तरांनी विचारलं.

"सोलून," काकू म्हणाल्या. पहिलाच शब्द.

मास्तरांचा चेहरा हळूहळू विरघळला. "अगं, मग मला सांगायचं ना! अडतीस वर्षं संसार केला, आणि तुझ्यात एवढी भूतदया आहे हे मला फलकावर वाचायला मिळावं?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तर स्वतः तिसऱ्या विकत घेऊ लागले. नाकाला रुमाल लावून, पिशवी हातभर लांब धरून ते यशोदाताईंना सांगत, "मांजरीसाठी आहेत. चांगल्या भरलेल्या द्या."

यशोदाताईंना सगळं माहीत. त्या चेहरा न हलवता विचारत, "मास्तर, तुमच्या मांजरीला सोबत आमसुलं लागतात का?"

"विचारून सांगतो," मास्तर म्हणत. आणि खरंच विचारायला घरी जात.

यादीत ब्लॉक सातपुढे त्यांनी तांबड्या पेनाने कंसात 'मांजर' लिहिलं, आणि तो पहिला क्रमांक शेवटपर्यंत हलला नाही. अडचण एकच होती. मांजर सुधारेना. मास्तर चिंतेत पडले. "आठवड्यातून दोनदा सकस आहार, आणि बरगड्या मोजून घ्या. जंत असतील." त्यांनी तिला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हिला काहीतरी खायला घाला.

मे अखेरीस दीडशे किलो शिंपले पुरे झाले. यशोदाताईंनी अंगणात भट्टी लावली. तूस ठाकुर्लीकडच्या एका भातगिरणीतून आणलं. दुसऱ्या दिवशी पाणी मारताना ते शिंपले असे फसफसले की मी चार पावलं मागे सरकले, आणि कोळीवाड्यातली सगळी पोरं चार पावलं पुढे. पांढरंशुभ्र पीठ झालं. पोती भरली.

प्रयोग म्हटला की तुलना हवी. पाच गुंठ्यांपैकी तीन गुंठ्यांत चुना घालायचा, दोन तसेच कोरे सोडायचे. त्याशिवाय फरक चुन्याने पडला की पावसाने की नशिबाने, हे कसं कळणार? मी टेपने मोजून चार बांबू रोवले आणि लाल दोरी बांधली.

चांगुणाबाई दोरीकडे बघत राहिल्या. "बाय, या दोन गुंठ्यांनी काय गुना केला?"

"गुन्हा नाही हो. तुलना. इथलं भात मरतुकडं आलं की तिथलं भात कशाने आलं ते कळेल."

"म्हंजे एका पोराला जेवाला द्यायचं नि दुसऱ्याला बसवून ठेवायचं. बगायला."

"शास्त्र असंच असतं."

"असंल," चांगुणाबाई म्हणाल्या.

मी तीन गुंठ्यांत चुना पसरून घेतला. उरलेली दोन पोती पुढच्या वर्षासाठी चांगुणाबाईंच्या पडवीत ठेवली आणि तशी नोंद केली. पहिल्या पावसांचं पाणी उघाडीतून खाडीत गेलं. जुलैत लावणी झाली. ऑगस्टमध्ये एका रविवारी मी पाहणीला गेले. तीन गुंठ्यांतलं भात हिरवंगार, बघून जीव निवावा असं. लाल दोरीच्या आतलं भातही हिरवंगार.

मी खाली बसले. दोरीच्या आतल्या ओल्या मातीवर निळा लिटमस कागद टेकवला. आम्ल असेल तर तो लाल व्हायला हवा. झाला नाही. मी पडवीत गेले. पोती नव्हती.

"चांगुणाबाई, दोन पोती कुठे गेली?"

"पावसानं भिजली असतील."

"भिजली तरी पोती राहतात ना?"

"मंग उंदरांनी नेली असतील."

त्यांच्या कोपऱ्यातल्या घमेल्याच्या कडेला पांढरा थर होता. मी तो वहीत लिहिला. पुढे काय लिहायचं ते सुचेना.

दसऱ्याच्या आठवड्यात शेत पिवळं झालं. लोंब्या अशा वाकल्या की लाल दोरी त्यांच्यात दिसेनाशी झाली. ट्रकवाला मोटारसायकलवरून जागा मोजायला आला. बांधावर काशिनाथ उभा होता, हात कमरेवर, गावातली आठदहा माणसं भोवती. मला वाटलं, आता हा हरला. आता कबूल करेल.

काशिनाथ म्हणाला, "बगितलंत? पयल्या वर्साला माती मुरते, दुसऱ्याला कुरकुरते, तिसऱ्याला देते! ही माजी काली माती. होडीतून आनलेली. सगली मना येडा बोलत होती."

मी पुढे झाले. "काशिनाथ, हे चुन्याने झालंय."

"चुना? अवो बाय, तुमी दोरी बांधलेली ना? दोरीच्या आत चुना नाय टाकला तुमी, तुमीच बोललात. मंग तिथं भात कशानं आला?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण पुरावा नव्हता. पुरावा मी स्वतः चार बांबू रोवून आखला होता आणि चांगुणाबाईंनी तो घमेल्याने पुसून टाकला होता. त्या शेजारी उभ्या होत्या, पदर खोचून, चेहरा अगदी देवळात उभ्या असल्यासारखा.

ट्रकवाल्याने विचारलं, "मग मुरमाचं काय?"

"कसला मुरूम?" काशिनाथ ओरडला. "हे माज्या हातचं श्यात हाय! जा, तुजी गाडी दुसरीकडं लाव!"

ट्रकवाला गेला. ऑफिसात माझा प्रात्यक्षिक अहवाल मात्र अडकला. 'तुलना' या रकान्यात काय भरायचं? साहेबांनी शेरा मारला: तुलनेअभावी निष्कर्ष काढता येत नाही, पुढील हंगामात पुन्हा करावे. मला तो शेरा जिव्हारी लागला, कारण तो बरोबर होता. त्याच अहवालावर, काशिनाथचं बघून गाळ टाकलेल्या आजूबाजूच्या आणखी सात शेतकऱ्यांसाठी सरकारी चुना मागता आला असता. ती सात शेतं पुढच्या तीनचार वर्षांत मुरमाखाली गेली. ही खंत मात्र खरी आहे, आणि ती हसून घालवता येत नाही.

पुढच्या मे महिन्यात मी परत गेले. परत शिंपले, परत भट्टी, परत बांबू. या वेळी मी चुना संपवूनच घरी आले, एक मूठही मागे ठेवली नाही. ऑगस्टमध्ये दोरीच्या आतलं भात पुन्हा हिरवंगार. चांगुणाबाईंनी यशोदाताईंकडून स्वतंत्र भट्टी लावून घेतली होती.

त्या दिवशी मी खरंच चिडले. "चांगुणाबाई, मी खोटी पडते! तुमचा दीर गावभर सांगतो की त्याच्या गाळाने भात पिकलं. एकदा, फक्त एकदा दोन गुंठे सोडा. तो खोटा ठरेल."

त्यांनी मला बांधावर बसवलं. काशिनाथ लांब उघाडीपाशी खेकड्यांची बिळं बुजवत होता, स्वतःहून, भर उन्हात.

"तो बगा," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्सी त्याला श्यात नको होतं. आता रोज येतो. बांध बगतो, उघाडी बगतो. का? त्याला वाटतंय त्यानी पिकवलंय. उद्या तुमी सिद्ध केलंत की त्यानी मारलेलं, नि तीन बायांनी शिंपले घालून जगवलं, तर हा इथं पाय ठेवंल? दुसऱ्या दिवशी ट्रक उभा राहील, बाय. तुमचा कागद भरंल, पर माजं श्यात जाईल."

"आणि त्याने पुन्हा गाळ आणून टाकला तर?"

"त्याला सांगितलंय, तुमची माती लय जोरदार. एकदा टाकली ती बारा वर्सं पुरते. जास्ती झाली तर भात उतू जाईल."

मी तशीच घरी आले. जिन्यात दामले मास्तर भेटले. कोणाशी तरी बोलायचं होतं म्हणून सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "खरं काय ते माहीत असून गप्प बसायचं म्हणजे माझ्या नोकरीच्या विरुद्ध आहे, मास्तर."

मास्तरांच्या हातात तिसऱ्यांची पिशवी होती. रुमाल नव्हता. मधल्या वर्षभरात कधीतरी सुटला असावा. ते जिन्याखालच्या मांजरीकडे बघत म्हणाले, "कांबळेबाई, मांजर ओलं खोबरं वाटून खात नाही, एवढं मलाही कळतं. पण हिला आता घाईघाईत गॅलरीत उभं राहून खावं लागत नाही. बसून जेवते." आणि जिना चढायला लागले. दोन पायऱ्यांवर थांबून म्हणाले, "यादीत नाव मांजरीचंच राहू दे."

याला आता दहा वर्षं होत आली. त्या खाजणाच्या तीन बाजूंना इमारती आल्या आहेत. मध्ये चांगुणाबाईंचं शेत अजून आहे, आणि काशिनाथ आल्यागेल्याला बांधावर उभा राहून काळ्या मातीचं व्याख्यान देतो. मीही दोनदा ऐकलं आहे, मान हलवून. यशोदाताईंची भट्टी दर मे महिन्यात पेटते. दर वर्षी मी चार बांबू आणि लाल दोरी घेऊन जाते, कारण साहेबांचा शेरा अजून माझ्या फायलीत उघडा आहे. दर वर्षी चांगुणाबाई म्हणतात, "औंदा नक्की सोडते, बाय." बांबू रोवायला त्या स्वतः मदत करतात. दोरी सरळ आहे का, हेही बघतात.

माझ्या वहीत कामं संपली की समोरच्या चौकोनात बरोबरची खूण होते. नवी वही सुरू करताना जुन्या वहीतली राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवून घ्यायची, ही माझी पद्धत. यंदाच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ उतरवावी लागली: चांगुणाबाईंच्या शेतात दोन गुंठे बिनचुन्याचे सोडणे, तुलना करणे, अहवाल पूर्ण करणे. दोरी जुनी झाली होती. परवाच नवी आणली, लाल. चौकोन रिकामा आहे.